दुगुनीची कळ

दिवाळीच्या पणतीची ज्योत नीट न्याहाळली, तर ती दोन तऱ्हांनी हलताना दिसते. वाऱ्याची झुळूक आली की ती डावी-उजवीकडे लवते. आणि तेल सरत आले की जागच्या जागी उभी राहून लहानमोठी होऊ लागते. पहिल्या प्रकारात ज्योत आपली जागा सोडते. दुसऱ्यात जागा सुटत नाही, तेज तेवढे कमीअधिक होते. संगीतात स्वर हलतो तोही ह्याच दोन तऱ्हांनी. स्वर आपल्या जागेवरून किंचित वरखाली झुलला, तर पाश्चात्त्य लोक त्याला व्हायब्रेटो म्हणतात. जागेवर स्थिर राहून त्याचा नाद तेवढा लहानमोठा झाला, तर ट्रेमोलो. भेद इतका साधा. पण ज्यांनी तो पाळावयाचा त्यांनीच तो मोडला. अमेरिकेतील लिओ फेंडर ह्या विख्यात गिटार-कारखानदाराने 1954 साली आपल्या नव्या गिटारीला स्वर वरखाली करणारा दांडा बसविला आणि त्याला नाव दिले ट्रेमोलो. पुढे आपल्या कित्येक ध्वनिवर्धकांत नाद लहानमोठा करणारी योजना घातली, आणि तिला म्हटले व्हायब्रेटो! बारशाच्या गडबडीत जुळ्या मुलांची नावे अदलाबदल व्हावी, तसा हा प्रकार झाला. सत्तर वर्षे लोटली तरी तो गोंधळ निस्तरलेला नाही.

मला सांगावयाचे आहे ते ह्यांपैकी दुसऱ्या कंपाविषयी, आणि त्यातही त्याच्या वेगाविषयी. दिवाळीच्या फराळाबरोबर हे विजेचे लचांड कशाला, असे एखाद्या गृहिणीला वाटेल. पण दारावर सोडलेल्या दिव्यांच्या माळेकडे एकवार पाहावे. तिच्या टोकाला एक चिमुकली डबी असते. डबीवरची कळ दाबली की दिवे संथपणे लुकलुकतात, पुन्हा दाबली की भरभर. पूर्वीच्या माळांत ही सोय नव्हती. त्यांत एक खास बल्ब असे. तो तापला की आतली पट्टी वाकून वीज तुटे, निवला की पुन्हा जुळे. लुकलुकण्याचा वेग त्या बल्बाच्या मर्जीवर. माळेच्या ह्या प्रगतीची जी गोष्ट, तीच सुरांच्या कंपाची आहे. फक्त ती बरीच जुनी आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या देवगिरीपर्यंत जातो.

ट्रेमोलो म्हणजे इटालियन भाषेत थरथरणारा. माँटेव्हेर्दी ह्या इटालियन रचनाकाराने 1624 साली व्हेनिसमध्ये एक युद्धप्रसंग गायनातून रंगविला, तेव्हा संताप दाखविण्यासाठी त्याने एका दीर्घ स्वराचे सोळा तुकडे करून तंतुवाद्यांवर तो स्वर भरभर वाजवावयास लावला. मँडोलिनवाला तारेवर नखी वेगाने फिरवितो, संतूरवादक कलम तारांवर नाचवितो, तीही ह्याच कुळातील कामे. ह्या सर्वांत कंप हातातून येतो. हात थांबला की कंप थांबतो, हाताला घाई झाली की त्यालाही होते. वेग किती ठेवावा हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, कारण तो मनात येण्यापूर्वीच हाताने सोडविलेला असतो.

तो उद्भवला यंत्र आल्यावर. आपल्याकडे यांत्रिक कंप प्रथम घरोघर आला तो बाजाच्या पेटीतून. हार्मोनियम मूळचा फ्रान्सचा, 1840च्या सुमाराचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याचे पायभाते काढून तो मांडीपुढे बसता केला. पेटीच्या दर्शनी भागावर ज्या खुंट्या असतात, त्यांतली एक पुष्कळ पेट्यांत कंपाची असते. ती ओढली की हवेच्या वाटेवर सैलशी बसविलेली पट्टी फडफडू लागते आणि सूर कापऱ्या आवाजात बोलतो. भजनाच्या वेळी लहान मुले ती खुंटी हमखास ओढतात, आणि पेटीवाले बुवा ती तितक्याच हमखासपणे आत ढकलतात! बुवांचा राग मला अगदी रास्त वाटतो. पट्टी आपल्या वेगाने फडफडते. ठेका विलंबित असो की द्रुत, तिला त्याचे सोयरसुतक नाही. साथीला असा बहिरा मनुष्य कोणाला हवा?

विजेच्या गिटारीवर हेच पुन्हा घडले. अमेरिकेत 1940च्या दशकाच्या आरंभी डीआर्मंड नावाची एक पेटी निघाली. तिच्यात एक लहानशी मोटार वीजवाहक द्रव भरलेली डबी हलवी. द्रव हिंदकळला की गिटारीच्या आवाजाची वाट क्षणभर मोडे आणि पुन्हा सुरळीत होई. त्याच सुमारास डोनल्ड लेस्ली ह्या गृहस्थाने ऑर्गनसाठी फिरता कर्णा असलेला ध्वनिवर्धक बाजारात आणला. प्रथम तो एकाच, भरधाव गतीने फिरे. पुढे त्याला दुसरी, संथ गती देण्यात आली, आणि मग वादकांच्या ध्यानात आले की खरी गंमत दोन्ही गतींत नसून एकीतून दुसरीत जाण्यात आहे. कल्याणहून गाडी सुटते तेव्हा रुळांच्या सांध्यांवरचा ताल आधी ठाय असतो, मग हळूहळू चढत जातो. लेस्लीच्या कर्ण्याचे तसेच आहे. मोटारीला वेग घ्यावयास वेळ लागतो, आणि तो वेळच कानाला गोड लागतो.

पुढे नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, आणि ही सगळी यंत्रणा पायाखाली ठेवण्याच्या साबणदाणीएवढ्या डबीत मावू लागली. गिटारवाले तिला पेडल म्हणतात. तिच्यावर बहुधा दोन चकत्या असतात: एक कंप किती खोल असावा ह्याची, दुसरी तो किती जलद असावा ह्याची. म्हणजे वेग आता वादकाच्या हाती आला, असे कोणीही म्हणेल. पण वादकाचे हात रिकामे कोठे असतात? एक तारांवर, दुसरा पडद्यांवर. पेडल जमिनीवर. गाणे ऐन रंगात आले असता वाकून चकती फिरविणे म्हणजे पंगतीत वाढता वाढता चुलीतले लाकूड सारण्यासारखे आहे. म्हणून वादक आरंभी जो वेग लावतो, तोच शेवटपर्यंत बिचाऱ्याच्या गळ्यात पडतो. पुन्हा पेटीच्या खुंटीचीच अवस्था!

डोंबिवलीस आमच्या मजल्यावर एक महाविद्यालयीन चिरंजीव राहतात. माझी हयात विजेची यंत्रे उघडण्यात आणि मिटण्यात गेली हे त्यांना ठाऊक असल्याने, एके रात्री ते पेडल घेऊन आले आणि म्हणाले, “काका, ह्याचा स्पीड पायाने डबल करता येईल का हो?”

“दुप्पटच का? थोडा जास्त, एवढेच का नको?” मी विचारले.

“थोडा जास्त केला की गाण्यातून सुटल्यासारखं वाटतं. डबल केला की बसतो.”

ह्या मुलाने तबला कधी शिकला नव्हता. पण जे वाक्य तो बोलला, ते कोणत्याही तबलजीने मान डोलवावी असे होते. समजा, मात्रा सेकंदाची आहे आणि कंप सेकंदाला दोन. म्हणजे प्रत्येक मात्रेत दोन लाटा, आणि मात्रेच्या आरंभी एक लाट नेमकी माथ्यावर. वेग चार केला तर मात्रेत चार लाटा, आणि आरंभीची लाट पुन्हा माथ्यावरच. परंतु तो साडेतीन केला तर पहिल्या मात्रेला माथा, दुसरीला खळगा, आणि सगळा डोलारा ठेक्यावरून घसरू लागतो. आपल्याकडे ठाय, दुगुन, तिगुन, चौगुन असा लयीचा जिना आहे. त्याला पायऱ्या आहेत, घसरगुंडी नाही. मुलाला हवी होती ती दुगुनीची कळ.

ती बसविण्याची कृती थोडक्यात सांगतो. डबीतला कंप ज्या मंडलातून निघतो, त्यात कपॅसिटर नावाचा एक घटक असतो. त्याला विजेचा रांजण समजावे. रांजण भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. एक भरणे-उपसणे म्हणजे एक कंप. रांजण निम्म्या मापाचा केला की तो निम्म्या वेळात भरतो आणि वेग दुप्पट होतो. येथे बाजाराची एक खोच आहे. लॅमिंग्टन रोडवर एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मागितला तर मिळतो. अर्ध्याचा मागितला तर दुकानदार सहसा 0.47चा काढून देतो. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण त्याने वेग दुप्पट न होता सव्वादोन पटीच्या जरा खाली जातो. सेकंदाला चाराऐवजी सव्वाचार लाटा पडतात, आणि दहा सेकंदांत अडीच लाटांची तफावत होते. ठेक्याशी इमान राखावयाचे तर एक-एक मायक्रोफॅरडचे दोन सारखे कपॅसिटर एकामागे एक जोडावे. असे जोडलेले दोन रांजण मिळून नेमक्या अर्ध्या रांजणाचे काम करतात. दुसऱ्याच्या दोन टोकांवर पायाची कळ बसवावी. कळ मिटली की दुसरा रांजण वगळला जातो आणि मूळची ठाय चालते. उघडली की दुगुन. छापील आकड्यांवर मात्र विसंबू नये, कारण ते शेकडा दहा इकडे-तिकडे असू शकतात. मीटरवर मोजून जोडी जुळवावी, जशी तबल्याची डग्ग्याशी जुळवितात.

काही पेडलांत वेग ठरविणारे कपॅसिटर एक नसून तीन असतात, एकमेकांच्या पाठोपाठ. तेथे तिन्ही एकाच वेळी निम्मे करावे लागतात, म्हणून कळही तिहेरी लागते. एकट्यादुकट्याला हात लावला तर वेग अर्धवट वाढतो आणि कधी कधी कंप मुळातच बंद पडतो.

कळ बसली. चिरंजीवांनी समेवर पाय मारला, आणि संथ झुलणारा सूर एकाएकी वेगळाच झाला. वेगळाच, असे मी जाणूनबुजून म्हणतो. तो मूळच्या कंपाची घाईची आवृत्ती नव्हता. आधीचा कंप पाळण्याच्या झोक्यासारखा होता. हा दुसरा थंडीने अंगावर आलेल्या शिरशिरीसारखा. वेग दुप्पट झाला आणि भाव बदलला. हे कोणी पूर्वी नोंदविले असेल काय, ह्या विचाराने मी ‘संगीतरत्नाकर’ काढला.

हा ग्रंथ आपल्या मराठी मुलुखातला. देवगिरीचा यादव राजा सिंघण ह्याने 1210 ते 1247 ह्या काळात राज्य केले. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. तो स्वतः वैद्यकही जाणणारा. आणि दरबारात त्याचे काम होते हिशेबाचे. संगीतशास्त्राचा एवढा मोठा ग्रंथ एका जमाखर्चनिसाने लिहावा, ही गोष्ट मला नेहमी मौजेची वाटत आली आहे. पण ग्रंथाच्या तिसऱ्या, प्रकीर्णक नावाच्या अध्यायातले गमकांचे प्रकरण वाचावे, म्हणजे तेथे हिशेबनीसच हवा होता हे पटते. ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुख देणारा स्वराचा कंप म्हणजे गमक, अशी व्याख्या करून तो गमकांचे पंधरा प्रकार सांगतो. कोणता तोंड मिटून करावयाचा, कोणत्यात स्वर वाकवावयाचा, असे भेद त्यात आहेत. परंतु त्यांतले सहा प्रकार त्याने निव्वळ वेगावरून वेगळे केले आहेत, आणि प्रत्येकाचे माप दिले आहे!

मापे अशी. लघु म्हणजे पाच ऱ्हस्व अक्षरे उच्चारावयास लागणारा काळ. द्रुत म्हणजे त्याच्या निम्मा, प्लुत म्हणजे तिप्पट. एक कंप प्लुताइतका वेळ घेत असेल तर ते प्लावित. लघुइतका घेत असेल तर आंदोलित. द्रुताइतका, तर लीन. येथून पुढे द्रुताचे भाग पडतात. अर्ध्या द्रुताचा कंप तो कंपित, एकतृतीयांश द्रुताचा तो स्फुरित आणि पाव द्रुताचा तो तिरिप. तिरिपाला त्याने डमरूच्या ध्वनीची उपमा दिली आहे.

वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावे. लीन एक, कंपित निम्मा, स्फुरित तिसरा हिस्सा, तिरिप चौथा हिस्सा. म्हणजे लीन ही ठाय धरली तर कंपित ही तिची दुगुन, स्फुरित ही तिगुन आणि तिरिप ही चौगुन! कंपाच्या वेगाला लयीचाच जिना लावलेला आहे. आणि प्रत्येक पायरीला निराळे नाव आहे. ‘जलद लीन’, ‘फार जलद लीन’ असे म्हणून शार्ङ्गदेवाने काम भागविलेले नाही. वेग दुप्पट झाला की तो अलंकारच दुसरा होतो, हे आमच्या मजल्यावरच्या मुलाला पायाने कळले. देवगिरीच्या हिशेबनिसाला ते आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

सोयीसाठी लघु एका सेकंदाचा धरला, तर आंदोलित सेकंदाला एक, लीन दोन, कंपित चार, स्फुरित सहा आणि तिरिप आठ कंपांचा होतो. बाजारातल्या साधारण पेडलाची धावही जवळजवळ एवढीच असते. कसलेल्या पाश्चात्त्य गायकाचा गळा सेकंदाला पाच ते सात वेळा डोलतो, म्हणजे तो स्फुरिताच्या आसपास. कान माणसाचाच असल्याने हे आकडे जुळले, ह्यात चमत्कार काही नाही. आमच्या प्राचीनांना पेडल अवगत होते, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. तसले दावे करणाऱ्यांची दिवाळी आपल्याकडे बारमाही असते. शार्ङ्गदेव बोलतो ते मुख्यतः स्वराच्या हलण्याविषयी, आणि पेडल हलविते तो नाद. पणतीच्या ज्योतीतला भेद येथेही आहेच. पण वेगाचे गणित दोहोंना एकच.

दुःख आहे ते नावांचे. दरबारी कानड्याचा गंधार आंदोलित असतो, हे आजही गवई सांगतात. दक्षिणेकडे कंपित, स्फुरित हे शब्द टिकून आहेत, त्यांचे अर्थ मात्र थोडे सरकले आहेत. आपल्याकडे लीन आणि तिरिप कोण म्हणतो? सगळ्यांना मिळून एक गमक, आणि गिटारवाल्या पोरांना ‘स्लो’ आणि ‘फास्ट’. त्यांच्याच मुलुखात ह्या वेगांची नावे ठेवली गेली, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

ह्या विस्मरणाची किंमत पेटीने फार मोजली. पेटीला मींड नाही, आंदोलन नाही, तिचे स्वर खिळे ठोकल्यासारखे, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप होता. आकाशवाणीने 1940 साली पेटीला दार बंद केले आणि ते पुन्हा किलकिले झाले 1971 साली. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला एकट्याने मैफल रंगविण्याची प्रतिष्ठा मिळवून दिली, तेथल्या श्रोत्यांना तीस वर्षे नभोवाणीवर शास्त्रीय गायनाला पेटीची साथ नव्हती. आक्षेप खोटा होता, असे मी म्हणत नाही. पण त्याला दोन उत्तरे होती. एक, यंत्र घालवून द्यावयाचे. दुसरे, यंत्राला कळ बसवावयाची. नभोवाणीने पहिले निवडले. कारागिरांनी दुसरे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे स्नेही न्यायाधीश क्लेमंट्स ह्यांनी तर त्याच्याही कितीतरी आधी बावीस श्रुतींचा हार्मोनियम करविला होता. 1916च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर बराच वाद झाला.

आणि ह्या दुसऱ्या उत्तराचे एक उत्तम उदाहरण आमच्या शेजारी ठाण्यालाच आहे. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक हे व्यवसायाने वैद्यक क्षेत्रातले, आणि पेटीत गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य. त्यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले. तिची युक्ती ऐकण्यासारखी आहे. सप्तकात बारा पट्ट्या. षड्ज आणि पंचम अचल, त्यांना एकेकच श्रुती. उरलेल्या दहा पट्ट्यांना दोन-दोन. म्हणजे दहा दुणे वीस आणि दोन, बावीस. ह्या दहांपैकी प्रत्येक पट्टीला एक खुंटी आहे. ती ओढली की तीच पट्टी चढी श्रुती देते, ढकलली की उतरी. पट्ट्या वाढविल्या नाहीत, बोटांची सवय मोडली नाही. कळ तेवढी वाढविली, आणि कोणत्या रागाला काय लावावयाचे तो निर्णय वाजविणाऱ्याकडे दिला. ठाण्याची खुंटी स्वराची जागा बदलते आणि डोंबिवलीची कळ स्वराचा वेग. पण कुळी एकच.

आमच्या चिरंजीवांना मी शार्ङ्गदेवाचा हिशेब समजावून सांगितला. त्यांना देवगिरीपेक्षा तिगुनीत अधिक रस वाटला. “म्हणजे काका, वन-थर्ड पण बसवता येईल?” येईल की! मग पुन्हा रांजणांची जुळवाजुळव झाली. एक मायक्रोफॅरडचे तीन एकामागे एक जोडले की तिसरा हिस्सा होतो, चार जोडले की चौथा. चार ठिकाणी थांबणारी एक फिरती कळ आणली. ती पायाने फिरत नाही, म्हणून दुगुनीसाठी पायाची कळ निराळी ठेवली आणि चारांचे चक्र गाण्यापूर्वी हाताने लावावयाचे ठरले. डबीवर पांढरी चिकटपट्टी लावून चिरंजीवांनी तीवर आपल्या हाताने लिहिले: लीन, कंपित, स्फुरित, तिरिप. दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर नवे कपडे घालून जी तरुण मंडळी जमतात, त्यांत त्यांचे वादक मित्रही असतात. त्यांनी ही नावे पाहून ‘हा कोणता ब्रँड’ असे विचारले, असे ऐकतो.

स्फुरित मात्र त्यांना चटकन वश झाले नाही. दोन लाटांच्या ठेक्यात तीन लाटा बसविणे म्हणजे आडात शिरणे. तेथे पाय नव्हे, कान तयार लागतो. आठवडाभर भिंतीपलीकडून तिगुन घसरल्याचे आवाज येत होते. नंतर ती सावरली.

आता राहिले प्लावित. त्याचा एक कंप तीन सेकंदांचा, म्हणजे लीनच्या सहापट संथ; त्याला सहा मायक्रोफॅरड लागतील. त्या मापाचे चांगले कपॅसिटर अंगाने जाडजूड असतात आणि डबीत आता टाचणी ठेवावयास जागा नाही. चिरंजीव म्हणतात, मोठी डबी घेऊ. त्यांच्या आईसाहेब म्हणतात, परीक्षा होऊ द्या.